हॅमट्रॅमिकच्या आकड्यांमागची गोष्ट

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं हॅमट्रॅमिक म्हणजे जेमतेम दोन चौरस मैलांचं शहर, जवळपास चहूबाजूंनी डेट्रॉइटने वेढलेलं. 1910 मध्ये इथे 3,559 माणसं होती, मग डॉज मेन हा गाड्यांचा कारखाना जोरात आला आणि 1920 पर्यंत आकडा थेट 48,615 वर, त्यात बहुतेक पोलिश. 1980 मध्ये कारखाना बंद पडला आणि 1990 ला लोकसंख्या 18 हजारांवर आली. रस्ट बेल्टमधली, म्हणजे कारखाने बंद पडलेल्या अमेरिकी पट्ट्यातली, बाकी गावं अशीच संपत गेली, हे संपलं नाही, कारण घरं स्वस्त आणि आसपास ऑटो पार्ट्सच्या फॅक्टऱ्या, त्यामुळे नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कचं भाडं परवडेनासं झालेले बांगलादेशी इकडे सरकले, येमेनी तर आधीपासून होतेच. कॉनंट रस्त्यावर साड्या, मिठाई आणि हलाल मटणाची दुकानं, आणि तिथून थोडं पलीकडे अजूनही लेंट या ख्रिस्ती उपवासाच्या आधी पोंच्कीसाठी, म्हणजे पोलिश गोड डोनटसाठी, भल्या पहाटे रांगा.

आता खरी गोची. 2010 च्या जनगणनेत शहर निम्म्याहून जास्त 'व्हाइट' दिसतं आणि नुसतं टेबल बघणाऱ्याला वाटतं पोलिश लोक अजून टिकून आहेत. तसं नाहीये. 1977 च्या फेडरल नियमाने 'व्हाइट' ठरवताना युरोपसोबत मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकाही त्यात घातली, म्हणजे येमेनहून गेल्या वर्षी आलेला कामगार आणि तिसऱ्या पिढीतली पोलिश आजी एकाच रकान्यात, आणि शेजारचा बांगलादेशी मात्र 'एशियन'. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेचा वेगळा रकाना करून बघितला तर माहिती सुधारते हे जनगणना खात्याच्याच 2015 च्या चाचणीत दिसलं होतं, तरी 2020 साठी तो घेतला नाही. हा निर्णय मला तरी निव्वळ टाळाटाळ वाटतो. 2020 ला 'व्हाइट'च्या खाली मूळ लिहायची जागा तेवढी दिली, म्हणजे रकाना तोच.

असा भेद फक्त टेबलापुरता नाही. मतपत्रिका कुठल्या भाषेत द्यायच्या हे ठरवणाऱ्या फेडरल कायद्याच्या यादीत आशियाई भाषा आहेत, अरबी नाहीच, त्यामुळे जनगणना खात्याच्या 2011 च्या निर्णयानंतर इथे बंगाली मतपत्रिका देणं बंधनकारक झालं, येमेनी मतदाराला तसा हक्क मिळाला नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांची ही गत.

2010 ते 2020 मध्ये लोकसंख्या 22,423 वरून 28,433 झाली, म्हणजे सुमारे 27 टक्के वाढ, तीही शेजारचं डेट्रॉइट आकसत असताना. पैशाचं चित्र मात्र तसं सुधारलेलं नाही, गरिबीत शहर राज्यात वरच्या रांगेत आहे, आणि 2000 पासून दोनदा राज्याने नेमलेल्या माणसाकडे शहराच्या हिशोबाच्या चाव्या गेल्या होत्या.

मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेचा वेगळा रकाना मार्च 2024 मध्ये मंजूर झाला. पुढची मोठी जनगणना 2030 ची, म्हणजे तोवर 'व्हाइट'चा जुना आकडा कुठे दिसला तर त्यातले येमेनी आपणच मनात वेगळे काढायचे.