चुनखडकांचे जलतापीय परिवर्तन

पर्वतरांगा घडत असताना खोलवरचे तप्त, खारे पाणी भेगांतून चुनखडकात शिरते आणि त्याची खनिजे, स्फटिकांचा आकार व सच्छिद्रता बदलून टाकते. या प्रक्रियेला जलतापीय परिवर्तन म्हणतात. नुसत्या उष्णतेने व दाबाने शुद्ध चुनखडकाचा संगमरवर होतो, पण खनिज बहुधा तेच, कॅल्साइटच (कॅल्शियम कार्बोनेट) राहते. नवे द्रव्य आत आणायला आणि जुने बाहेर न्यायला पाणीच लागते. त्यामुळे खडक कुठे बदलला हे बरेचसे पाण्याला वाट कुठे मिळाली यावर ठरते.

मराठवाड्यात अशा पर्वतपट्ट्याचा चुनखडक नाही. अजिंठ्याचे आणि बालाघाटचे डोंगर खडकांना वळ्या पडून उभे राहिलेले नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला बेसाल्ट पुढे नद्यांनी कोरला, त्याचे उरलेले भाग म्हणजे हे डोंगर. तरीही या विषयाचे धागेदोरे इथे सापडतात. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या घुमटाचा संगमरवर राजस्थानातून, अरवलीच्या पट्ट्यातून आला. वेरूळच्या बेसाल्टातील पोकळ्यांत दिसणारे झिओलाइट व कॅल्साइटचे स्फटिक हे लाव्हाच्या थरांतून फिरलेल्या उष्ण पाण्याचेच काम आहे. तेथे खडक वेगळा, कारागीर तोच. किनवट-माहूर भागात पैनगंगा गटाचे अतिप्राचीन चुनखडक उघडे पडतात आणि तिथेच, पैनगंगेकाठी, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत. हे झरे ज्वालामुखीने तापलेले नाहीत. जमिनीत दर किलोमीटर खोलीमागे तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. पर्वतपट्ट्यांत हेच चक्र कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालते.

तिथल्या पाण्याचे उगम अनेक आहेत: गाळ साचताना अडकलेले सागरजल, मिठाच्या थरांलगतची तीव्र खारी द्रावणे, चिकणमातीची खनिजे तापल्यावर सुटणारे पाणी, शिलारसातून निघणारे वाफाळ द्रायू (वाहणारे द्रव-वायू) आणि उंचावरून मुरणारे पावसाचे पाणी. त्यांना ढकलते कोण, यावर बराच वाद झाला आहे. अमेरिकन भूभौतिकतज्ज्ञ जॅक ऑलिव्हर यांनी १९८६ मध्ये अशी कल्पना मांडली की, एकमेकांवर चढणारे खडकांचे पट्टे खालच्या गाळातील पाणी पिळून पर्वताच्या पायथ्याकडील सपाटीत लोटतात. कल्पना आकर्षक आहे, पण पिळून निघणारे पाणी मर्यादित असते. डोंगराच्या उंचीमुळे आपोआप वाहणारे पावसाचे पाणी मात्र लाखो वर्षे पुरू शकते. प्रस्तरभंगांची, म्हणजे ज्यांवर खडक सरकतात त्या मोठ्या भेगांची, भूमिका दोन्ही मतांत निर्णायक आहे. भूकंपाच्या धक्क्याने भेग उघडते, पाणी उसळून वर येते, खनिजे साचून भेग बुजते आणि पुढच्या धक्क्याला पुन्हा फुटते.

सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे डोलोमाइटीभवन. कॅल्साइटातील दर दोन कॅल्शियम अणूंपैकी एकाची जागा मॅग्नेशियम घेतो आणि डोलोमाइट हे खनिज बनते; त्याच्या खडकालाही डोलोमाइटच म्हणतात. कार्बोनेट बाहेरून आले नाही, तर घन खडकाचे आकारमान सुमारे १३ टक्क्यांनी घटते आणि खडक सच्छिद्र होऊ शकतो. म्हणूनच तेल व वायूच्या शोधात हे डोलोमाइट मोलाचे ठरते. सामान्य तापमानाला प्रयोगशाळेत डोलोमाइट बनवणे कमालीचे कठीण आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २५ अंश सेल्सिअसला ३२ वर्षे वाट पाहूनही ते तयार झाले नाही. पाणी तापले की अडथळा सैल होतो आणि तुलनेने कमी मॅग्नेशियमही पुरते. पण एका लिटरमागे मॅग्नेशियम थोडेच असल्याने अख्खा डोंगर बदलायला पाणी अफाट लागते. एवढे पाणी आले कोठून, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्याने सोडवावा लागतो.

चुना विरघळण्याची रीत साखरेच्या उलट आहे. बोअरचे जड पाणी बंबात तापवले की आत पांढरा थर चढतो, कारण कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि शिवाय कॅल्साइट गरम पाण्यात कमी विरघळते. जमिनीखालीही तसेच होते. वर येताना दाब घटून वायू निसटला, तर भेगा कॅल्साइटने भरतात; वायू न गमावता पाणी थंड झाले, तर तेच पाणी खडक खाऊन पोकळ्या करते.

कॅनडाच्या रॉकी पर्वतातील कॅथीड्रल थरांत आणि स्पेनच्या पिकोस दे युरोपामध्ये अशा डोलोमाइटसोबत जस्ताची खनिजे आढळतात. पांढऱ्या-करड्या पट्ट्यांचा ‘झेब्रा’ पोत ही कॅथीड्रल थरांची ठळक खूण आहे. इटलीच्या डोलोमाइट्स पर्वतातील बरेचसे डोलोमाइट तप्त पाण्याने बनलेले नसले, तरी लातेमार हा डोंगर तिथला अपवाद आहे. सिलिकायुक्त पाणी डोलोमाइटात शिरल्यास शंखजिरे तयार होते. उत्तराखंडच्या बागेश्वर-पिथोरागड भागात डोलोमाइट व मॅग्नेसाइटसोबत त्याचे साठे आहेत. शिलारसालगत स्कार्न, म्हणजे गार्नेट आणि वोलास्टोनाइट ही खनिजे असलेला खडक, घडतो.

ओळखण्याची पहिली पायरी अगदी साधी आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइट जोराने फसफसते. डोलोमाइट मात्र भुकटी केल्याशिवाय जेमतेम. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोमिये यांनी १७९१ मध्ये या खडकाचे वर्णन केले ते याच फरकावरून, आणि खनिजाला पुढच्या वर्षी त्यांचेच नाव मिळाले. तप्त पाण्याने वाढलेल्या डोलोमाइटाचे स्फटिक अनेकदा खोगिरासारखे वाकलेले असतात. त्यांत सूक्ष्म थेंब कोंडलेले राहतात. थेंबात बुडबुडा असतो. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तापवत नेला की एका तापमानाला तो नाहीसा होतो. खडक बदलला तेव्हा पाणी निदान तेवढे तरी गरम होते.