पार्श्वभूमी : ट्रॉलरवर लिथियम चढण्याआधी

१ जूनला मासेमारीबंदी लागली की गोव्यात मालिम, कुटबण, शापोऱ्याच्या धक्क्यांवर ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे राहतात. पुढचे ६१ दिवस डागडुजीचे. बॅटऱ्या उतरवल्या जातात आणि त्यांच्या जागी लिथियम घालावी का, हा विषय निघतो. किंमत जास्त, वजन निम्म्याहून कमी, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. बोटीचं वायरिंग मुळात कुठल्या बॅटरीच्या स्वभावाला धरून केलंय, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

ते केलंय शिशाच्या बॅटरीला धरून. गास्ताँ प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ मध्ये बनवली. मुक्तीनंतर गोव्यात यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हाही तीच होती. तिचे दोष तांडेलांना पाठ आहेत : वरचेवर डिस्टिल्ड वॉटर, चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन, आत खारं पाणी शिरलं तर क्लोरीन. पण ती जाते सांगून. आधी दिवे पिवळे पडतात, स्टार्टर कण्हतो, मग ती बसते.

लिथियम-आयन सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्यातलं कोबाल्ट ऑक्साइड फार तापलं की आगीला लागणारा ऑक्सिजन स्वतःच सोडतं. होडीला परवडेल असं रसायन, लोह-फॉस्फेट, निघालं टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पहिली दोन नावं पाढी आणि नंजुंडस्वामी अशी आहेत. गुडइनफ यांच्या नोबेलच्या बातम्यांत ती फारशी दिसली नाहीत. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, सहजी सुटत नाही. शिवाय ३.२ व्होल्टचे चार सेल जोडले की १२.८ व्होल्ट होतात, म्हणून ती जुन्या १२ व्होल्टच्या जागी बेमालूम बसते. घोटाळा तिथेच सुरू होतो.

तिचा अंतर्गत रोध इतका कमी, की इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर पूर्ण दमाने करंट देतच राहतो. त्यात इंजिनरूमची उष्णता. वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही. शॉर्ट झालाच तर करंट हजारो अँपियरमध्ये जातो, साधा फ्यूज तो तोडू शकेलच असं नाही. आणि आत बसलेला बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवरचा राखणदार, मर्यादा ओलांडली की बॅटरी तडक तोडतो. चार्जिंग चालू असताना तोडली तर अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळून डायोड उडतात, कधी सोबत जीपीएस आणि व्हीएचएफ रेडिओही. आग्वादच्या तोंडाशी, रात्री, एका क्षणात सगळं काळोख. माझ्या मते आगीपेक्षा हीच भीती मोठी.

नियमांच्या आधी अपघात झाले. जानेवारी २०१३ मध्ये बॅटऱ्यांमुळे बोइंग ७८७ विमानं जगभर जमिनीवर ठेवावी लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये नॉर्वेत एका फेरीबोटीच्या बॅटरी-खोलीत आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी डेकखाली साचलेल्या वायूंचा स्फोट झाला. मग छोट्या बोटींसाठी २०२१ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा २३६२५ हा दस्तऐवज आला, २०२२ मध्ये अमेरिकेत बोटींची मानकं ठरवणाऱ्या एबीवायसी या संस्थेचं ई-१३ हे मानक. बीएमएसने बॅटरी तोडण्यापूर्वी चालकाला इशारा द्यावा, आणि इंजिन सुरू करणं, नॅव्हिगेशनचे दिवे यांसाठी पर्यायी वीज असावी, हा ई-१३ चा गाभा. शिशाची बॅटरी जे फुकटात करायची, तेच आता कागदावर लिहावं लागलं.

हे मानक ऐच्छिक आहे; आपल्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स या बंदर खात्यावर ते बंधनकारक नाही. केरळात वैकमची 'आदित्य' ही सौर फेरी जानेवारी २०१७ पासून लिथियमवर धावते, पण तिथे बोटच बॅटरीभोवती आखली होती. आपल्या धक्क्यावर उलटं : बोट वीस वर्षांची, बॅटरी कालची. म्हणून जाणते वायरमन स्टार्टरसाठी शिशाची बॅटरी तशीच ठेवतात, अल्टरनेटर तिलाच जोडतात, आणि पुढे करंट आवरणारा डीसी-टू-डीसी चार्जर लावून त्यातून लिथियम भरतात. बीएमएसने तोडलं तरी अल्टरनेटरला शिशाचा आधार उरतो. टर्मिनललगत क्लास-टी फ्यूज, म्हणजे हजारो अँपियरही तोडू शकणारा. सगळा खर्च धरला की दुकानात ऐकलेला भाव बराच वर जातो.