दोन गाद्यांमधली फट

भाचीच्या बाळासाठी पलंगाला लावून ठेवायची खाट, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत ‘बेडसाइड कॉट’, घरी आली तेव्हा तिच्यासोबतची माहितीपुस्तिका कोणी उघडूनही पाहिली नाही. रंग सुरेख होता, चाके होती आणि जाळीतून बाळ दिसणार होते, एवढ्यावर सगळे खूश होते. रात्री खाट पलंगाला लावायला घेतली तेव्हा लक्षात आले, की तिचे आडवे पाय पलंगाखाली सरकवायचे असतात आणि घरातला पलंग होता पेटीचा, आत सामान ठेवायचा, थेट जमिनीपर्यंत बंद. पाय पेटीला अडले आणि बाळाची गादी व आईची गादी यांच्यात चार बोटांची फट राहिली. भाचीच्या सासूबाईंनी लगेच तोडगा काढला: “त्यात एक गोधडी घडी करून कोंबा, झालं.” ही सूचना मायेपोटी आली होती, पण अशी खाट निवडताना सर्वांत आधी ज्या गोष्टीकडे पाहायला हवे ती गोष्ट नेमकी तीच फट आहे.

ही खाट मुळात हवी कशाला, हा प्रश्न आपल्याकडे रास्तच आहे, कारण आपल्या घरांत तान्हे मूल आईच्या कुशीत झोपते आणि पाळणा दिवसाच्या झोपेपुरता असतो. अंगावर पिणारे नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा पिते. त्यांपैकी अनेक वेळा रात्रीच्याच असतात. सिझेरियन झालेल्या आईला प्रत्येक वेळी पोटाच्या टाक्यांसकट उठून बाळाकडे जाणे हा मोठा त्रास असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या होत्या. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील रुग्णालयात हेलन बॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात पाहण्याजोगा आहे. प्रसूतीनंतरच्या कक्षात काही बाळांना आईच्या पलंगावर, काहींना पलंगाला जोडलेल्या खाटेत आणि काहींना शेजारच्या स्वतंत्र खाटेत ठेवले गेले. स्वतंत्र खाटेतल्या बाळांपेक्षा पहिल्या दोन्ही गटांतली बाळे अंगावर पिण्याचा प्रयत्न अधिक वेळा करत होती. हाताच्या अंतरावर असण्याचा फायदा जोडलेल्या खाटेत मिळतो आणि झोपेचा पृष्ठभाग मात्र बाळाचा स्वतःचा राहतो. तिचे सगळे प्रयोजन एवढेच.

पृष्ठभाग वेगळा असावा हा आग्रह का, यावर तज्ज्ञांमध्येही एकवाक्यता नाही. रॉबर्ट कारपेंटर यांच्या चमूने २०१३ साली पाच अभ्यासांची माहिती एकत्र करून असा निष्कर्ष काढला, की आईवडील धूम्रपान करत नसले आणि बाळ अंगावर पीत असले, तरी पहिल्या तीन महिन्यांत त्यांच्यासोबत एकाच बिछान्यात झोपणाऱ्या बाळांना झोपेत, कारण न सापडता येणाऱ्या आकस्मिक मृत्यूचा धोका सुमारे पाच पट असतो. पुढच्याच वर्षी पीटर ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील माहितीवरून दाखवले, की सोफ्यावर झोपणे, मद्यपान आणि धूम्रपान ही कारणे बाजूला काढली, तर सोबत झोपण्याने धोका लक्षणीय वाढल्याचे दिसत नाही. मला दोन्ही बाजू गंभीर वाटतात. दोघांनाही मान्य असलेला एक मुद्दा मात्र आपल्या घरांसाठी मोलाचा आहे: थकलेल्या आईने बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत डुलकी घेणे हे पलंगावर झोपण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे असते.

आता खाटेतल्या पाहुण्याकडे वळू. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते, मागचा भाग फुगीर असतो, आणि ते डोके सावरण्याइतकी ताकद मानेत नसते. श्वासनलिकेचा व्यास जेमतेम चार-पाच मिलिमीटर असतो. नळी अरुंद झाली की तिच्यातून हवा जाण्याला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे चार मिलिमीटरची नळी तीन मिलिमीटर झाली तरी अडथळा तिपटीहून अधिक होतो. मोठ्या माणसाची हनुवटी छातीला टेकली तर तो फक्त घोरतो. बाळाची टेकली तर श्वासाचा मार्गच दबतो. बाळाची झोपण्याची जागा सपाट असावी, या नियमाचे मूळ येथे आहे.

बाजारातल्या अनेक खाटांना डोक्याकडची बाजू उचलून उतार देण्याची सोय असते आणि ‘दूध उलटू नये म्हणून’ असे तिचे कौतुक केले जाते. माझे मत विचाराल, तर त्या सोयीचे पैसे मोजू नयेत आणि ती असलीच तर वापरू नये. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगासाठी आर्कान्सा विद्यापीठातील एरिन मॅनेन यांच्या गटाने २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसले, की १० अंशांपेक्षा जास्त उतारावर बाळाच्या पोटाच्या स्नायूंना अधिक काम पडते, ते लवकर थकतात आणि बाळ पालथे झाले तर त्याला त्यातून सुटणे अवघड जाते. दूध ठसकण्याची आजीची भीतीही शरीररचना पाहिली की निवळते. बाळ पाठीवर असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते, त्यामुळे उलटलेले दूध गुरुत्वाकर्षणाने पुन्हा अन्ननलिकेकडेच ओढले जाते. पालथ्या बाळात हा क्रम उलटा होतो. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळाला पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा चालल्या, आकस्मिक मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि ठसकून दगावण्याचे प्रमाण वाढले नाही.

सपाट असणे पुरेसे नाही, गादी घट्टही हवी. आपण सोडलेल्या श्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, तर बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के. बाळाचे तोंड मऊ खळग्यात गेले, की तोच सोडलेला श्वास तिथे साचतो आणि बाळ तो पुन्हा ओढत राहते. निरोगी बाळ अशा वेळी कुरकुरते, मान वळवते, जागे होते. ज्या बाळांच्या मेंदूच्या देठातली ही जागे करणारी यंत्रणा काही कारणाने दुबळी असते, ती जागी होत नाहीत, आणि कोणते बाळ तसे आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. दोन ते चार महिन्यांचा काळ यात सर्वाधिक नाजूक असतो.

मोहरीची उशी आठवते ती इथे. डोके गोल व्हावे म्हणून तान्ह्याला मोहरी भरलेली छोटी उशी देण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे, आणि आमच्या त्या नव्या खाटेतही ती पहिल्या दिवशीच जाऊन बसली होती. अमेरिकेत १९८०च्या दशकात फोमचे बारीक मणी भरलेल्या बाळांच्या गाद्या विकल्या जात. जेम्स केम्प आणि ब्रॅडली थॅच या सेंट लुईसच्या डॉक्टरांनी त्या गाद्यांवर दगावलेल्या २५ बाळांच्या घटना तपासल्या आणि १९९१ साली दाखवून दिले, की सुटे मणी चेहऱ्याच्या आकाराप्रमाणे सरकून नाकाभोवती वाटी तयार करतात आणि सोडलेला श्वास त्या वाटीत अडकतो. पुढच्या वर्षी अमेरिकेत अशा गाद्यांवर बंदी आली. मोहरीचे दाणे त्या मण्यांहून जड असतात आणि उशी लहान असते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही, पण चेहऱ्याच्या आकाराने सरकणे हा गुण दोहोंत समान आहे. डोके चपटे होऊ नये असे वाटत असेल, तर बाळ जागे असताना, कोणी समोर बसलेले असताना, त्याला थोडा थोडा वेळ पालथे ठेवावे आणि रोज मानेची दिशा बदलावी. उशीची गरज उरत नाही.

दुकानात गादी पाहताना तळवा जोरात दाबून चटकन उचलावा. खळगा लगेच भरून आला पाहिजे; हाताचा ठसा रेंगाळला तर ती गादी मोठ्या माणसाला आरामाची, बाळाला नव्हे. गादी आणि खाटेची भिंत यांच्यामध्ये दोनपेक्षा जास्त बोटे जाऊ नयेत. ‘फारच कडक आहे हो’ म्हणून घरी तिच्यावर दुसरी गादी घालण्याचा मोह होतोच. तो आवरावा, कारण मूळ गादीच्या मापानेच भिंतींची उंची ठरवलेली असते. भिंतींना बांधायच्या मऊ पट्ट्या, ज्यांना बंपर म्हणतात, त्यांच्यावर अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बंदी आली आहे. लाकडी खाट असेल तर दोन गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरच्या आत हवे. यामागचे कारण भीषण पण साधे आहे: बाळाचे धड अरुंद आणि डोके रुंद असते, त्यामुळे पायाकडून घसरलेले बाळ कमरेपर्यंत सहज जाते आणि डोक्याशी अडकते.

पलंगाशेजारच्या फटीतही हेच घडू शकते, आणि गोधडी कोंबल्याने धोका का वाढतो तेही यावरून उमगेल. कोंबलेली गोधडी घट्ट वाटते ती पलंगावर कोणी नसेपर्यंतच. आई कडेला टेकली की तिची गादी दबते, कडा वाकते आणि फट उघडते. गोधडी आत सरकते आणि वर एक मऊ घळ उरते. म्हणून चाचणी करताना आईने पलंगाच्या कडेवर बसून, मग कुशीवर झोपून, फट पाहायला हवी. त्या वेळी बोटही आत जाता कामा नये. खाटेसोबत येणारे पट्टे पलंगाच्या पलीकडच्या चौकटीला बांधायचे असतात. ते चादर बदलताना सैल होतात, तेव्हा दर वेळी पुन्हा ताणावेत. दोन्ही गाद्यांची उंची जुळवूनही बाळाच्या बाजूला बुटकी का होईना भिंत राहिली पाहिजे, म्हणजे आईची उशी आणि पांघरूण तिकडे ओघळणार नाही. युरोपच्या ईएन ११३० या मानकात २०१९ पासून पलंगाला जोडायच्या खाटांचाही समावेश आहे, तेव्हा लेबलावर तो आकडा शोधावा. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये अशा खाटांबद्दल, पुरेसे अभ्यास नसल्यामुळे, बाजूने किंवा विरोधात शिफारस करता येत नाही असे प्रांजळपणे म्हटले होते. बाळाला आईवडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या पृष्ठभागावर झोपवा, ही त्यांची शिफारस मात्र ठाम आहे.

आपल्याकडच्या दोन गोष्टी परदेशी पुस्तिकांत सापडत नाहीत. पहिली मच्छरदाणी: पावसाळ्यात ती हवीच, पण ती खाटेच्या चौकटीवर ताणून बसणारी असावी, बाळावर लोंबणारी नसावी. दुसरी झोळी. झोळीचे कापड बाळाभोवती वळते, पाठ धनुष्यासारखी वाकते आणि हनुवटी छातीकडे जाते. दुपारी कोणी दोरी धरून शेजारी बसले असताना गोष्ट वेगळी. रात्री सगळे झोपल्यावर बाळ झोळीत राहू देऊ नये.

आमच्या पेटीच्या पलंगाचे शेवटी असे झाले, की खाटेची उघडी बाजू वर करून कुलूपबंद केली आणि ती पलंगापासून हातभर दूर, चारही बाजू बंद अशी स्वतंत्र ठेवली. भाचीला रात्री उठून बसावे लागे, पण हात लांब केला की बाळ मिळे. मोहरीची उशी कपाटात गेली, यावर सासूबाई दोन दिवस नाराज होत्या. साधारण पाचव्या महिन्यात बाळ कूस बदलून पालथे होऊ लागले आणि एका सकाळी तळहातांवर जोर देऊन भिंतीपलीकडे पाहू लागले. अशा खाटेची मुदत वजनाच्या आकड्याने लिहिलेली असली, तरी ती खऱ्या अर्थाने त्या सकाळी संपते, आणि त्याच रात्रीपासून बाळ खोल, उंच भिंतींच्या खाटेत झोपू लागले.