चोवीस व्होल्टवर चहा

१ ऑक्टोबर २०२५ पासून देशात तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांना केबिनमध्ये एसी असणं सक्तीचं झालं. फार आधीच व्हायला हवं होतं. पण या एसीचा कॉम्प्रेसर सहसा इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. रात्री ढाब्यावर इंजिन बंद केलं की एसीही बंद. मग पंखा, मोबाइल, सकाळच्या चहाची इंडक्शन शेगडी यांच्यासाठी ड्रायव्हर इन्व्हर्टर घेतात. तो वीज ‘तयार करतो’ असं पुष्कळांना वाटतं. खरं तर बॅटरीत असेल तेवढीच वीज तो रूप पालटून देतो, आणि त्यातलीही दहा-पंधरा टक्के वाटेत उष्णता होऊन जाते.

हे रूप पालटणं मला विलक्षण सुंदर वाटतं.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडून २४ व्होल्ट मिळवतात. शेगडीला हवेत २३० व्होल्ट, तेही दिशा पालटत सेकंदाला ५० आवर्तनं करणारे, म्हणजे लाटेसारखे. व्होल्टेज चढवायला ट्रान्सफॉर्मर लागतो. घरातल्या जुन्या इन्व्हर्टरमधला तो लोखंड-तांब्याचा गठ्ठा ज्यांनी उचललाय, त्यांना वजन ठाऊक आहे. ट्रकमधला इन्व्हर्टरचा डबा मग एका हातात कसा मावतो?

ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात किती चुंबकत्व साचणार, हे व्होल्टेज एका दिशेने किती वेळ टिकतं यावर ठरतं. ५० आवर्तनांत एक दिशा १० मिलिसेकंद टिकते. तेवढ्यात साचणारं चुंबकत्व मावायला गाभा मोठा लागतो. तीच आवर्तनं ५०,००० केली, तर एका दिशेच्या वाट्याला १० मायक्रोसेकंदच येतात, हजारपट कमी. घागरीऐवजी पेल्याने झपाझप पाणी काढावं तसं हे आहे. इतक्या वेगात लोखंड मात्र फार तापतं, म्हणून गाभा फेराइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेल्या चुंबकीय सिरॅमिकचा.

चढवलेला प्रवाह डायोडमधून, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणाऱ्या भागातून नेऊन सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह करतात. ३२५ कारण लाटेचा माथा २३० च्या √२ पट असतो. पुढे चार इलेक्ट्रॉनिक स्विचांचा पूल येतो. तिरक्या समोरासमोरची एक जोडी चालू केली की प्रवाह एका दिशेने, दुसरी केली की उलट. चांगल्या डब्यात हे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. लाटेच्या माथ्याशी जास्त वेळ चालू, शून्याजवळ क्षणभरच. त्या तुकड्यांना कॉइल आणि कपॅसिटर मऊ करतात आणि साइन लाट बाहेर पडते. स्वस्त डब्यात नुसत्या पायऱ्या असतात. किटलीला त्यांनी काही होत नाही, २३० व्होल्टच्या मोटरचा पंखा मात्र गुणगुणतो आणि तापतो.

आता हिशेब. १२०० वॅटची शेगडी २४ व्होल्टवर, घट धरून, जवळपास ६० अँपिअर ओढते. पंधरा मिनिटांत १५ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास) गेले. २४ वॅटचा डीसी पंखा थेट बॅटरीवर रात्रभर, आठ तास चालवला, तर लागतात फक्त ८. मोबाइलसाठी तर इन्व्हर्टर लावूच नये: चार्जर त्या २३० व्होल्टचा पुन्हा डीसीच करतो. २४ व्होल्टला चालणारा यूएसबी चार्जर पुरे.

लायटर सॉकेटमधून साधारण १०-१५ अँपिअरच घ्यावेत. शेगडीचा इन्व्हर्टर थेट बॅटरीलाच, जाड केबलने जोडायचा. केबिनला आग नजर लागून लागत नाही, फ्यूजशिवाय जोडलेल्या बारीक वायरीने लागते. पुढे टांगलेलं लिंबू-मिरची ती थांबवत नाही, बॅटरीच्या टर्मिनलजवळ बसवलेला फ्यूज थांबवतो. डब्यावर ठळक छापलेल्या ‘३००० वॅट’ला भुलू नका. तो आकडा बहुधा क्षणभराचा असतो, सतत किती मिळतील ते विचारा.

एक चूक फार दिसते. १२ व्होल्टचा इन्व्हर्टर स्वस्तात मिळाला म्हणून तो दोनपैकी एकाच बॅटरीला जोडतात. ती रोज उतरते, दुसरी भरलेलीच राहते. इंजिनावर फिरून बॅटऱ्या भरणाऱ्या अल्टरनेटरला दोघींची बेरीजच दिसते, सुमारे २८ व्होल्ट. त्यामुळे उतरलेली अर्धवट भरते, तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात. भरलेली जादा चार्ज होऊन पाणी उडवते. काही महिन्यांत जोडीच बाद.

आणि इन्व्हर्टर ‘बीप’ करेपर्यंत थांबू नका. २४ व्होल्टचे बरेच डबे २१ व्होल्टच्या आसपास बंद पडतात. लोड काढून थोड्या वेळाने मोजल्यावर २४.४ व्होल्ट दिसले, तर बॅटऱ्या निम्म्या उतरल्या आहेत. त्याखाली गेलात तर थंडीच्या पहाटे सेल्फ फिरेलच याचा भरवसा नाही.