जिन्याच्या ट्रेडसाठी कठीण लाकूड : मापन व मूल्य

जिन्यात पाऊल पडते ती आडवी फळी म्हणजे ट्रेड. ‘कठीण लाकूड’ ही वनस्पतिशास्त्रीय संज्ञा असून ती रुंदपर्णी वृक्षांच्या लाकडाला लावतात; नखाने खरवडले जाणारे बाल्साचे लाकूडही याच वर्गात मोडते. ट्रेडसाठी झिजेला टिकणाऱ्या जाती निवडतात : रेड ओक, व्हाइट ओक, हार्ड मेपल, हिकरी, साग इत्यादी.

उत्तर अमेरिकेच्या व्यापारात दर बोर्डफुटावर ठरतो. १ इंच जाड, १२ इंच रुंद आणि १२ इंच लांब, म्हणजे १४४ घनइंच लाकूड म्हणजे १ बोर्डफूट. १२ बोर्डफुटांचा १ घनफूट होतो आणि १ घनमीटरमध्ये सुमारे ४२४ बोर्डफूट येतात. जाडी पाव इंचांत सांगतात. ५/४ म्हणजे करवतीखालून निघालेली सव्वा इंच फळी. दोन्ही अंगांनी रंधल्यावर ती सुमारे १ १/१६ इंच उरते, पण आकारणी सव्वा इंचाचीच होते. नॅशनल हार्डवुड लंबर असोसिएशन (स्थापना १८९८) या संस्थेच्या नियमांनुसार निमुळत्या फळीची रुंदी अरुंद टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर मोजतात आणि लांबीतील फुटाचा अपूर्णांक सोडून देतात.

वादाचा मुद्दा आहे तो माप कधी घ्यायचे हा. ओल्या फळीचे माप धरून भट्टीत वाळवलेला माल विकण्याची पद्धत रूढ आहे. वाळताना होणारी घट धरता अशा मापात आणि प्रत्यक्ष हाती येणाऱ्या मापात साधारण ७ ते ८ टक्क्यांचा फरक पडतो. विक्रेत्यांच्या मते ओल्या मापाचा दर मुळातच कमी असतो, म्हणून नुकसान होत नाही. दोन दरपत्रकांची तुलना करायची असेल तर मात्र वाळल्यानंतरचे माप हाच विश्वासार्ह आधार. कोणते माप धरले आहे हे विचारल्याखेरीज दराला अर्थ नाही.

प्रतवारीबाबत मोठी गल्लत होते. एफएएस (फर्स्ट्स अँड सेकंड्स) या वरच्या प्रतीत किमान ६ इंच × ८ फूट फळी आणि ८३ १/३ टक्के निर्दोष क्षेत्र लागते. ते क्षेत्र किमान ४ इंच × ५ फूट किंवा ३ इंच × ७ फूट तुकड्यांत मिळायला हवे. नंबर १ कॉमन या त्याखालच्या प्रतीत ६६ २/३ टक्के पुरतात, पण तुकडा ४ इंच × २ फूट किंवा ३ इंच × ३ फूट इतकाही चालतो. ४२ इंची ट्रेडला असा तुकडा आखूड पडतो. नमुन्यादाखल, कॉमनचा दर एफएएसच्या पाऊणपट असला, पण लांब तुकड्यांत त्यातून निम्मेच लाकूड कामी आले आणि एफएएसमधून ७५ टक्के आले, तर उपयोगी बोर्डफुटामागे कॉमन एफएएसच्या मूळ दराच्या १.५ पट आणि एफएएस १.३३ पट पडते. स्वस्त फळी इथे महाग ठरते. ट्रेडची खालची बाजू दिसणार नसेल, तर एकच बाजू एफएएस असलेली प्रत घेणे सर्वांत शहाणपणाचे.

चौदा ट्रेड, प्रत्येक ४२ इंच लांब आणि ११ १/४ इंच रुंद, असा हिशोब घेऊ. कच्चे माप १२ × ४४ × १ १/४ इंच, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४.५८ आणि एकूण ६४ बोर्डफूट. त्यावर ३० टक्के तूट धरून ८३ ते ८४ बोर्डफूट मागवावे. लांबी नीट निवडावी : ८ फुटी फळीतून ४४ इंची दोन तुकडे निघून ८ इंच उरतात, १२ फुटीतून तीन निघून १२ इंच उरतात, १० फुटीतून मात्र दोनच तुकडे निघतात आणि ३२ इंच वाया जातात.

एकसंध १२ इंची फळी मिळाली तरी ती पन्हाळीसारखी वाकते. पाव इंच वाक असलेली सव्वा इंची फळी दोन्ही अंगांनी सपाट करताना पाऊण इंचच उरते. तीच मधोमध उभी चिरली तर प्रत्येक अर्ध्यात वाक १/१६ इंचावर येतो आणि १ १/८ इंच हाती राहते. म्हणून आधी चिरावी, मग रंधावी, मग सरसाने जोडावी. सांधा पुढच्या कडेच्या गोलाईत येऊ देऊ नये; तिथे तो उघडा पडतो आणि पायाच्या माऱ्याने सुटतो.

जोडण्यापूर्वी ओलावा मोजावा. साध्या चिराईच्या (वलये फळीच्या रुंद बाजूला साधारण समांतर असलेल्या) रेड ओकचा ११ इंची ट्रेड १२ टक्क्यांवरून ८ टक्के ओलाव्यावर आला की सुमारे ४ मिलिमीटर आखडतो; त्रिज्य चिराईत (वलये रुंद बाजूला साधारण काटकोनात) हीच घट २ मिलिमीटरच्या आत राहते.

वळणाच्या जिन्यातील निमुळत्या ट्रेडची मोजणी, तो ज्या आयतातून कापला जाईल त्या आयतावरून करतात. उरलेल्या त्रिकोणी तुकड्याची किंमत त्याच ट्रेडमध्ये धरावी लागते.