पार्श्वभूमी : आर१ए१चं वय आणि वाय गुणसूत्राचं घड्याळ

बापाकडून लेकाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरून ओळखली जाणारी आर१ए१ ही पितृवंशाची शाखा भारतात आली कधी, आणि त्यावरून आर्य बाहेरून आले का, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. तो ज्या एका आकड्यावर पेटला, तो आकडा मात्र फारसा कुणी उलगडून सांगत नाही.

१९९२ मध्ये डीवायएस-१९ हा वाय गुणसूत्रावरचा पहिला एसटीआर मार्कर, म्हणजे डीएनएतल्या छोट्या तुकड्याची पुनरावृत्ती मोजण्याची खूण, हाती आला. 'टीएजीए' ही डीएनएची अक्षरं तिथे लागोपाठ किती वेळा येतात, ते मोजायचं. बापाकडे १५ वेळा, तर लेकाकडेही बहुधा १५. क्वचित १४ किंवा १६. २००० पर्यंत अशा मार्करांचा संदर्भसंग्रह इंटरनेटवर आला. शाखांच्या नावांचा घोळ मात्र मोठा होता : किमान सात पद्धती चालू होत्या, आणि एचजी३, ईयू१९ व आर१ए१ ही एकाच शाखेची नावं. २००२ मध्ये एकच नामावली ठरली.

शाखेत किती बदल साठले ते मोजून त्याला बदलांच्या वेगाने भागलं की तिचं वय मिळतं; हेच ते घड्याळ. खरा तिढा या वेगाचा, म्हणजे उत्परिवर्तनाच्या वेगाचा. बापलेकांच्या जोड्या प्रत्यक्ष तपासल्या की दर मार्करमागे पिढीला हजारी दोनच्या आसपास बदल दिसतात. २००४ मध्ये दुसरा आकडा पुढे आला. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी आणि बल्गेरियातले रोमा (जिप्सी) यांच्या स्थलांतराचा काळ ढोबळमानाने ठाऊक आहे. त्यांच्यातल्या विविधतेवरून उलटा हिशेब केला, तर २५ वर्षांना, म्हणजे साधारण एका पिढीला, हजारी ०.६९ एवढाच वेग निघाला. जवळजवळ तिपटीचा फरक! कारण असं दिलं गेलं की कित्येक घराणी मुलगा नसल्याने खुंटतात आणि त्यांच्यात झालेले बदलही त्यांच्याबरोबर जातात.

तर्क बिनबुडाचा नव्हता. पण जी शाखा झपाट्याने फोफावते, तिच्यातल्या फांद्या कमी खुंटतात, बदल टिकून राहतात. तिला संथ घड्याळ लावलं की वय फुगतं. बापलेकांच्या वेगाने ४,००० वर्षांची ठरणारी शाखा या हिशेबाने १२,००० वर्षांची होते. सिंधू संस्कृतीनंतरची घटना थेट शेतीच्या आधी जाऊन बसते. २००६ मध्ये भारतातल्या आर१ए१चं वय दहा हजारांपलीकडे गेलं ते याच संथ वेगाने. वेगाची ही निवड निष्कर्षाइतक्याच ठळक अक्षरांत छापायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

पुढे वाय गुणसूत्राचं सलग वाचन शक्य झालं आणि एसटीआरवरचा भार उतरला. २०१४ मध्ये आर१ए फुटून पसरण्याचा काळ सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचा निघाला. २०१६ मध्ये दक्षिण आशियातल्या झेड९३ या आर१एच्या फांदीचा विस्तार ४,००० ते ४,५०० वर्षांपूर्वीचा. २०१९ मध्ये राखीगढी या हरियाणातल्या सिंधू संस्कृतीच्या स्थळावरच्या सांगाड्याचा जीनोम आला, पण तो सांगाडा स्त्रीचा. म्हणजे वाय गुणसूत्र नाहीच, तरी चर्चेत तो आर१ए१ बाहेरून आल्याच्या बाजूने आणि विरुद्धही वापरला गेला.

हेच मार्कर वापरणाऱ्या गुन्हे तपासाने बापलेकांचाच वेग धरला, कारण तिथे प्रश्न कालच्या रक्ताचा असतो. अडचण वेगळी : जुळणारा नमुना एका माणसाचा नसतो, अख्ख्या भावकीचा असतो. २०१० मध्ये जवळपास २,००० बापलेकांच्या जोड्यांत १८६ मार्कर तपासून भराभर बदलणारे १३ वेचले गेले, ते भावकीतला माणूस वेगळा काढता यावा म्हणून. उलट २०१६ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात भावकीच कामी आली. किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्या एका नातेवाइकाचा वाय नमुना जुळला, आणि १९८८पासूनच्या खुनांचा माग एका घराण्याच्या दारापर्यंत पोचला.