एटॅक-सीकसाठी पेशी पाठवताना : कोरडा गोठवलेला पेलेट का चालत नाही

कर्करोग आणि संधिवातासारख्या दाहक आजारांवर काम करणारे आमच्या प्रयोगशाळेचे ग्राहक रोगप्रतिकारक पेशींचे नमुने पाठवतात, तेव्हा एक विचारणा हमखास होते : ‘मिथिलेशनसाठी दिलेला पेलेट तुम्ही लगेच घेतला, मग तसाच पेलेट एटॅक-सीकसाठी परत का पाठवता?’ (पेलेट म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवलेला पेशींचा गोळा.)

मिथिलेशनच्या तपासणीत आम्हाला फक्त डीएनए लागतो. मिथिलेशन म्हणजे डीएनएतल्या सायटोसिन या घटकावर मिथाइल गट चिकटणे, आणि हा गट पक्क्या रासायनिक बंधाने जोडलेला असतो. पेशी फुटली, केंद्रक फाटले, तरी तो जागचा हलत नाही. म्हणून उणे ८० अंशांवर ठेवलेला कोरडा पेलेट चालतो आणि ईडीटीए या रक्त साकळू न देणाऱ्या रसायनाच्या नळीत गोठवलेले रक्तही चालते.

एटॅक-सीकमध्ये मोजायचे असते ते क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए, कुठे उघडे आहे आणि कुठे मिटलेले. टीएन५ हे विकर उघड्या जागी डीएनए कापते आणि तिथेच अडॅप्टर (सिक्वेन्सिंगसाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) जोडते. त्यासाठी न्यूक्लिओसोम (प्रथिनांच्या गाभ्याभोवतीची डीएनएची वेटोळी) आपापल्या जागी असलेले अखंड केंद्रक हवे. संरक्षक द्रव न घालता पेलेट थेट उणे ८० ला टाकला, की आत बर्फाचे स्फटिक होतात, केंद्रकाचे आवरण फाटते आणि डीएनए बाहेर सांडतो. या मोकळ्या डीएनएला टीएन५ वाटेल तिथे कापते. उघड्या जागा दाखवणारी शिखरे पार्श्वभूमीत बुडतात आणि तुकड्यांच्या लांबीच्या आलेखात साधारण २०० बेस-जोड्यांच्या अंतराने दिसणाऱ्या न्यूक्लिओसोमच्या लाटा पुसट होतात. जास्त रीड्स (सिक्वेन्सरने वाचलेले तुकडे) घेऊन हे सुधारत नाही. कचराच अधिक खोलवर वाचला जातो आणि सिक्वेन्सिंगचे पैसे तुमचे जातात.

गोठवलेल्या ऊतींसाठी २०१७ची ओम्नी-एटॅक ही एटॅक-सीकची सुधारित पद्धत आहे, हे आम्हाला माहीत आहे आणि गाठीच्या तुकड्यांसाठी आम्ही तीच वापरतो. पण तिच्यात केंद्रके वेगळी करताना बरीच गळतात. रक्तातून मोठ्या कष्टाने वेगळ्या केलेल्या मोजक्या टी पेशींवर तो प्रयोग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तेव्हा पेशी जिवंत गोठवा. ९० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाच्या रक्ताचे सीरम) आणि १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारा संरक्षक द्रव) असे थंड मिश्रण आधी तयार ठेवावे. एका क्रायोव्हायलमध्ये (गोठवण्याच्या छोट्या नळीत) १ मिली, त्यात ५० लाख ते १ कोटी पेशी. वेगळ्या केलेल्या टी पेशी किंवा मोनोसाइट कमी असतील, तर किमान ५ लाख. प्रत्यक्ष अभिक्रियेला ५० हजारच लागतात. पण वितळवताना आणि धुताना घट होते आणि एक पुनरावृत्ती हाताशी असावी लागते. डीएमएसओ मिसळल्यावर टेबलावर वेळ घालवू नका, साध्या तापमानाला ते पेशींना मारक ठरते. आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यात ठेवून रात्रभर उणे ८० ला, म्हणजे तापमान मिनिटाला सुमारे १ अंशाने उतरते. दुसऱ्या दिवशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये. महिनोन्‌महिने उणे ८० लाच राहिलेल्या व्हायलमध्ये जिवंत पेशींचे प्रमाण घसरत जाते. पाठवताना भरपूर सुका बर्फ घाला आणि शुक्रवारी पार्सल सोडू नका. रविवारी गोदामात पडून राहिलेल्या डब्यातला सुका बर्फ उडून गेलेला असतो.

पेशी वितळवल्यावर आम्ही ट्रायपॅन ब्ल्यू या मेलेल्या पेशींनाच चढणाऱ्या रंगाने मोजणी करतो. ९५ टक्क्यांहून अधिक जिवंत असतील, तर थेट पुढे जातो. ८५ ते ९५ असतील, तर आधी डीएनेज हे डीएनए तोडणारे विकर देऊन मेलेल्या पेशींचा डीएनए काढतो. त्याखाली असतील, तर काम थांबवून तुम्हाला फोन करतो. यात एखादा दिवस जातो, याची काही जणांना चीड येते; पण खराब लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला डीएनएच्या तुकड्यांचा संच) सिक्वेन्सरवर चढवून बिल लावणे आम्हाला पटत नाही.

पेशी वेगळ्या करायच्या आधी रक्त फ्रीजमध्ये ठेवू नका. ते १८ ते २५ अंशांत ठेवून त्याच दिवशी पेशी वेगळ्या कराव्यात. शिळ्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट (न्यूट्रोफिलसारख्या पांढऱ्या पेशी) हलके होऊन, पेशी वेगळ्या करायला वापरतात त्या १.०७७ घनतेच्या द्रवावरच्या पांढऱ्या थरात येतात आणि ‘टी पेशींचा’ नमुना भेसळीचा होतो.

मिथिलेशनच्या ग्राहकांसाठीही एक गोष्ट. निरोगी माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशींपैकी साधारण निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतात. दाह वाढला किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू असले, की हे प्रमाण आणखी चढते. प्रत्येक प्रकारच्या पेशीचे मिथिलेशन वेगळे असते. मग रुग्ण आणि निरोगी गट यांत दिसलेला फरक आजाराचा आहे की नुसत्या पेशींच्या प्रमाणाचा, हे कळत नाही. म्हणून आमच्या अर्जात त्या दिवशीचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्टेरॉइडचा शेवटचा डोस विचारलेला असतो. तो रकाना रिकामा सोडू नका. फॉक्स-पी३ जनुकाच्या टीएसडीआर या (नियामक टी पेशींत मिथिलेशन नसलेल्या) भागावरून नियामक, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या, टी पेशी मोजायच्या असतील, तर रुग्ण स्त्री की पुरुष हेही लिहा. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि स्त्रियांमध्ये एक एक्स बंद असल्याने मिळालेला आकडा दुप्पट करावा लागतो.

पुण्याहून किंवा जवळच्या भागातून रक्त त्याच दिवशी पोचत असेल, तर पेशी वेगळ्या करणे आणि गोठवणे आम्ही करून देतो. बाहेरगावच्या ग्राहकांना मिश्रण भरलेले क्रायोव्हायल आणि गोठवण्याचा डबा पाठवतो. डबा परत करायचा असतो. पहिल्याच खेपेला पूर्ण संच पाठवण्याऐवजी दोन नमुने चाचणीसाठी द्या. त्यांची लायब्ररी बनवून तुकड्यांचा आलेख आम्ही आधी दाखवतो, मगच पुढचा खर्च ठरवा.